कंपनांकडे वीज नव्हे, वार्ता मागावी

माणसे चालतील आणि त्यांच्या पावलांतून रस्त्यावरचे दिवे लागतील, ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने जन्माला येते. कधी ती महाविद्यालयीन प्रकल्पांच्या प्रदर्शनातून येते, कधी एखाद्या प्रयोगशाळेच्या प्रसिद्धिपत्रकातून, तर कधी परदेशातल्या एखाद्या नृत्यगृहाच्या छायाचित्रातून. मथळ्यात ‘वाया जाणारी ऊर्जा’ हे शब्द बहुधा असतातच. सोबतच्या चित्रात एलईडींची माळ उजळलेली असते आणि तिच्यामागे समाधानी चेहरे. वाचकाला आनंद होतो, देशाभिमान सुखावतो आणि ‘किती वीज?’ हा एकच प्रश्न विचारायचा राहून जातो. तो विचारला गेला नाही म्हणून वीज कंपन्यांचे काही बिघडत नाही. बिघडते ते याच विज्ञानाचे. जे काम त्याला उत्तम जमते ते मागितले जात नाही आणि जे त्याला कधीच जमणार नाही त्याची आरास मांडली जाते.

मूळ विज्ञान खरे आहे, याबद्दल वाद नाही. १८८० साली झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवून दिले की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठांवर विद्युतभार प्रकटतो. मराठीत यास दाबविद्युत परिणाम म्हणतात. बातम्यांत तो ‘पिझोइलेक्ट्रिक’ या नावाने वावरतो. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ याच गुणाच्या बळावर सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि वेळ राखतो. स्वयंपाकघरातला गॅस पेटवायचा लायटरही त्याच घराण्यातला. २००६ साली झोंग लिन वांग यांच्या गटाने झिंक ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म तारांतून वीज काढून दाखवली आणि २०१२ साली त्याच गटाने घर्षणविद्युतीवर चालणारा जनित्र-प्रकार मांडला. तेव्हापासून या विषयावरील शोधनिबंधांचा जगभर पूर आला आहे. भारतातील प्रयोगशाळा त्यात मागे नाहीत.

प्रश्न विज्ञानाचा नसून हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब शालेय भौतिकशास्त्राने होतो. उदाहरणादाखल दिल्लीचा कस्तुरबा गांधी मार्ग घ्यावा. कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा, एकेकाळी कर्झन रोड म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता. कचेऱ्या, ब्रिटिश कौन्सिल, अमेरिकन सेंटर, वृत्तपत्राची इमारत आणि नवे महाराष्ट्र सदन, सारे याच रस्त्यावर. पादचाऱ्यांच्या विजेचे स्वप्न कोठे फळायचेच असेल, तर ते अशाच ठिकाणी फळावे.

तेथील पदपथावर एक ‘वीज देणारी’ फरशी बसवली असे समजू. तिच्यावर ६५ किलो वजनाच्या माणसाचे पाऊल पडले की ती ५ मिलिमीटर खाली दबते. याहून अधिक दबली तर चालणारा अडखळेल. त्या पावलाने केलेले कार्य म्हणजे वजन गुणिले अंतर, सुमारे ३.२ जूल. यंत्रणा आदर्श आहे, एक कणही ऊर्जा वाया जात नाही, असे मान्य करू. दिवसाला ५०,००० पावले त्याच एका फरशीवर पडतात, हेही उदारपणे मान्य करू. तरी दिवसाची कमाई १,६०,००० जूल, म्हणजे ०.०४४ युनिट. एवढ्यात ९ वॅटचा एक एलईडी दिवा पाच तासही जळत नाही. युनिटला ८ रुपये धरले तर फरशीचे वार्षिक उत्पन्न १३० रुपयांच्या आत. अशा शंभर फरश्या ओळीने बसवल्या आणि पन्नास हजार माणसे रोज त्या सर्वांवरून चालली, तर दिवसाला ४.४ युनिट मिळतील. भारतात छतावरची १ किलोवॅटची सौर यंत्रणा, म्हणजे हल्लीची दोन मोठी पॅनेले, दिवसाला साधारण तेवढीच वीज देते. त्यांना न पन्नास हजार माणसे लागतात, न खोदकाम.

हा हिशेब संशोधनाने सुधारणारा नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. ‘आज उत्पन्न सूक्ष्म आहे, उद्या नवे पदार्थ येतील आणि ते वाढेल,’ असा युक्तिवाद नेहमी होतो आणि सौरऊर्जेचा दाखला दिला जातो. परंतु वरच्या गणितात कार्यक्षमता आधीच शंभर टक्के धरलेली आहे. नवा पदार्थ कितीही गुणी असला तरी पावलाने जेवढे कार्य केले त्याहून अधिक ऊर्जा तो देऊ शकत नाही. सौरघट सुधारले, कारण माथ्यावरच्या उन्हात चौरस मीटरमागे सुमारे १,००० वॅट मुळातच होते आणि घटांना त्याचा वाटा घ्यायला शिकायचे होते. फरशीपाशी असा साठाच नाही. विहीर कोरडी असेल तर दोर आणि पोहरा बदलून पाणी येत नाही.

दुसरा गैरसमज ‘वाया जाणारी’ या विशेषणात दडलेला आहे. कडक पदपथावर चालताना पावलाची ऊर्जा जमिनीत फारशी जातच नाही. जमीन हलत नाही, म्हणून ती कार्यही स्वीकारत नाही. फरशी दबू लागली की कार्य सुरू होते आणि त्याची किंमत चालणारा आपल्या स्नायूंतून भरतो. वाळूत चालणारा लवकर थकतो, तो याच कारणाने. ज्यांनी गावाकडे डायनामोची सायकल चालवली आहे त्यांना हे पुस्तकाविना ठाऊक आहे. डायनामोची चकती टायरला टेकली की दिवा लागतो आणि त्याच क्षणी पायडल जड होते. दिव्याची वीज पायांतून येत होती, याबद्दल त्या सायकलस्वाराला कधी शंका नव्हती. फरशीच्या बातमीत मात्र पाय आणि दिवा यांच्यातले हे नाते अदृश्य केले जाते.

वाहनांच्या रस्त्यालाही हाच न्याय लागू आहे. एक टन वजनाची मोटार रस्त्यातील पट्टीवरून गेली आणि पट्टी १ मिलिमीटर दबली, तर मिळणारे कार्य सुमारे १० जूल. दिवसाला २०,००० मोटारी गेल्या तरी एका पट्टीची आदर्श कमाई ०.०६ युनिटहून कमीच. ही कमाई येते मोटारीच्या इंधनातून, आणि इंजिन इंधनातील ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेत घालवत असल्यामुळे ती घराच्या विजेहून महाग पडते. असा रस्ता म्हणजे प्रत्येक वाहनाच्या टाकीतून थेंब-थेंब पेट्रोल चोरून चालवलेला जनित्रसंच होय.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण येथे हमखास पुढे केली जाते. म्हण खरी आहे, पण तिच्यात एक अट गृहीत आहे: थेंब साठवणारे भांडे थेंबांहून महाग नसावे. प्रचलित दाबविद्युत सिरॅमिक म्हणजे पीझेडटी, अर्थात लेड झिर्कोनेट टायटॅनेट. त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असते. पावसाळ्यात तुंबणाऱ्या, दर दोन वर्षांनी कोणत्या तरी खात्याकडून उकरल्या जाणाऱ्या रस्त्यांखाली हा पदार्थ टनावारी पुरण्याची कल्पना ‘हरित’ म्हणून मिरवावी, हे विलक्षणच आहे.

जगाचा अनुभवही निराळे सांगत नाही. टोकियो स्थानकात जपानच्या रेल्वे कंपनीने २००६ आणि २००८ साली तिकीट-फाटकांपाशी अशा फरश्या बसवून पाहिल्या. रॉटरडॅममधील नृत्यगृहाची वीज देणारी जमीन २००८ साली गाजली. प्रयोग प्रामाणिक होते आणि त्यांतून पुष्कळ शिकायला मिळाले. परंतु त्यानंतर कोणत्याही देशाच्या रेल्वेने आपली गाडी प्रवाशांच्या पावलांवर चालवली नाही. भारतात ही कल्पना प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखी छापली जाते, एवढाच फरक.

गतीची खरोखरच वाया जाणारी ऊर्जा कशी परत मिळवतात, हे पाहायचे असेल तर कस्तुरबा गांधी मार्गावरून दूर जाण्याचीही गरज नाही. जनपथ ते मंडी हाउस या स्थानकांमधील मेट्रो या रस्त्याला भुयारातून छेदून जाते. मेट्रोची गाडी थांबताना तिच्या मोटारी जनित्रासारख्या चालतात आणि गतिज ऊर्जा विजेच्या रूपात परत वाहिनीत सोडतात. तीनशे टनांची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल, तर तिच्यापाशी सुमारे साडेअकरा युनिट इतकी गतिज ऊर्जा असते. तिच्यापैकी तिसरा हिस्सा जरी परत मिळाला तरी एका थांब्यावर जवळपास चार युनिट झाले. आपल्या आदर्श फरशीला तेवढे कमवायला तीन महिने लागतील. दिल्ली मेट्रोच्या या व्यवस्थेची २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्वच्छ विकास यंत्रणेत नोंद झाली. रेल्वेक्षेत्रातील असा तो जगातील पहिलाच प्रकल्प होता. २००४ ते २००७ या काळात तिने ११ कोटींहून अधिक युनिट वाचवले. त्यात चमकणारी माळ नव्हती, म्हणून त्या कामाला फरशीइतके चाहते लाभले नाहीत.

त्याच मेट्रोच्या रुळांखाली आणखी एक धडा आहे. भुयारी मार्ग बांधताना अभियंते कंपने मारण्यासाठी पैसा खर्च करतात. रबराच्या गाद्या, स्प्रिंगवर तरंगणारे सिमेंटचे पाट, किती तरी उपाय योजतात. कारण कंपन म्हणजे झीज, आवाज, भिंतींना तडे. चांगला रस्ता, चांगले यंत्र, चांगला पूल यांची खूण हीच की ते कमी थरथरतात. तेव्हा ज्या रस्त्याच्या थरथरीतून भरपूर वीज निघेल, तो रस्ता आधी दुरुस्त करावा लागेल.

मग बातम्यांत येणारे डोळे दिपवणारे आकडे कोठून येतात? त्यामागे खोटेपणा असतोच असे नाही. बहुधा सोयीचे माप निवडलेले असते. पहिले माप व्होल्टचे. ‘हाताच्या थापेने शंभर व्होल्ट’ हे वाक्य घरगुती विजेच्या २३० व्होल्टशी वाचकाच्या मनात आपोआप जोडले जाते. पण स्वयंपाकघरातला लायटर दर खटक्याला हजारो व्होल्ट निर्माण करतो आणि त्यावर कोणी पंखा चालवत नाही. व्होल्ट पुष्कळ, विद्युतधारा नगण्य, काळ क्षणभराचा. त्यामुळे ऊर्जा काही मिलिजूलच. दुसरे माप क्षणिक कमाल शक्तीचे. एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती मिळालेली शक्ती चौरस मीटरमागे मोजून छापली की आकडा भव्य दिसतो. सरासरी काढली की तो कोसळतो. तिसरे माप एलईडींच्या माळेचे. एलईडी अत्यल्प धारेतही क्षणभर लुकलुकतो आणि एका ओळीत जोडलेल्या शंभर एलईडींमधून तीच एक क्षीण धारा वाहते. माळ लुकलुकली, यावरून खोली उजळेल असे ठरत नाही.

या सोयीच्या मापांची जबाबदारी केवळ पत्रकारांवर ढकलणे अन्यायाचे होईल. प्रसिद्धिपत्रक प्रयोगशाळेतूनच निघते. ‘भविष्यात मोबाइल चार्ज करता येईल’ हे वाक्य अनेकदा संशोधकच शोधनिबंधाच्या अखेरीस लिहितो, कारण अनुदान देणाऱ्याला ते आवडते आणि अनुदान देणाऱ्याला ते आवडते कारण वरच्यांना दाखवायला काही तरी लागते. भारत आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के एवढाच खर्च संशोधनावर करतो. इतक्या तुटपुंज्या शिदोरीत मागणी अशी चुकीच्या दिशेने वळली, तर ज्यांना अल्प साहाय्यात मोठे काम करता आले असते त्यांचा हक्क बुडतो.

ते काम कोणते? कंपनांतून खरोखर किती मिळते, हे आधी पाहावे. बर्कली येथील संशोधकांनी २००३ साली रोजच्या वस्तूंची कंपने मोजून त्यांचा हिशेब मांडला. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या कवचासारख्या स्रोतापासून घन सेंटिमीटरमागे मिळण्याजोगी शक्ती काहीशे मायक्रोवॅट निघाली. मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. वर्दळीच्या पुलाचे कंपन याहून मंद असते. त्यावर शंभर ग्रॅम वजनाचे अनुस्पंदी यंत्र बसवले, कंपन सेकंदाला पाच वेळा होत असले आणि त्वरण गुरुत्वाच्या शंभराव्या भागाएवढे असले, तर आदर्श स्थितीत सुमारे शंभर मायक्रोवॅट मिळतात. व्यवहारात वीस मिळाले असे धरू.

वीस मायक्रोवॅट! विजेच्या भाषेत ही थट्टा आहे. परंतु तासाभरात त्यांचे ७२ मिलिजूल होतात, आणि एवढ्या ऊर्जेत आजचा संवेदक जागा होतो, काही सेकंद पुलाचे थरथरणे मोजतो, एक छोटा बिनतारी संदेश धाडतो आणि पुन्हा झोपी जातो. पूल आतून झिजला, एखादा आधार सैल झाला, सळई गंजली, की त्याच्या थरथरण्याची लय बदलते. जे कंपन संवेदकाला खाऊ घालते तेच पुलाची प्रकृतीही सांगते. अन्न आणि खबर दोन्ही एकाच दाराने येतात. या विज्ञानाचे खरे सौंदर्य येथे आहे.

येथे प्रामाणिक आक्षेप एकच आहे: बटणाएवढी घड्याळाची बॅटरी का वापरू नये? वीस मायक्रोवॅट तीही जवळपास चार वर्षे पुरवते आणि तिची किंमत काही रुपये. एका पुलासाठी हा आक्षेप बिनतोड आहे. परंतु भारतीय रेल्वेचेच पूल दीड लाखांच्या आसपास आहेत. प्रत्येकावर दहा संवेदक बसवले तर पंधरा लाख बॅटऱ्या. चार वर्षांनी एकदा बदलायच्या म्हटल्या तरी रोज हजाराहून अधिक, आणि त्याही नदीवर लोंबकळत, गर्डरच्या खाली शिरून. बॅटरी स्वस्त असते. तिच्यापर्यंत पोहोचणारा माणूस आणि त्याचा जीव स्वस्त नसतो. आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर असे कंपनपोषित संवेदक बसवून ते बिघडण्याआधी हेरण्याचे काम ब्रिटनमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातून निघालेल्या पर्पेटुअम कंपनीने करून दाखवले. जर्मनीतील एनओशन कंपनीचे बिनबॅटरीचे दिव्याचे बटण आपल्याच दाबण्यातून संदेशापुरती वीज घेते. या दोघांनी दिवे पेटवण्याची वल्गना केली नाही, म्हणून ते टिकले.

महाराष्ट्राला हे दूरचे वाटू नये. १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसलगतचा पादचारी पूल कोसळला आणि घरी निघालेली माणसे मेली. काही महिन्यांपूर्वीच्या तपासणीत तो वापरण्याजोगा ठरवला गेला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात गेला. तो गेल्याचे न कळल्याने एसटीच्या दोन गाड्या अंधारात नदीत गेल्या. संवेदक असता तर हे टळलेच असते, असे म्हणणे विज्ञानाला शोभणारे नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: त्या रात्री सावित्रीवर ‘पूल आता नाही’ एवढा एक शब्द महामार्गावर पोहोचवणारे काहीही नव्हते. नियमित येणारा संदेश थांबला, हादेखील संदेशच असतो. आणि मुंबईच्या त्या पादचारी पुलावर रोज हजारो पावले पडत होती. त्या पावलांतून दिवे लावण्याची कल्पना आपल्याकडे लोकप्रिय आहे. ती पावले पुलाच्या दुखण्याबद्दल काय सांगत होती, हे ऐकण्याची कल्पना लोकप्रिय नाही.

यासाठी जे संशोधन हवे ते छायाचित्रात शोभणारे नाही. एकाच लयीला जुळवलेले यंत्र वाहतूक बदलताच मुके होते. त्याला अनेक लयींवर काम करता आले पाहिजे. सेकंदाला दोन-चार इतक्या मंद कंपनांतून ऊर्जा काढणे अवघड आहे. मिळालेल्या क्षीण विजेपैकी बरीचशी तिला एकदिश करण्यातच खर्ची पडते. कोकणचा पाऊस, खारी हवा आणि कोट्यवधी हेलकावे सोसून स्फटिक अभंग राहिला पाहिजे. २०२१ साली कोलकात्याची आयसर आणि खडगपूरची आयआयटी यांतील संशोधकांनी स्वतःची भेग क्षणार्धात स्वतःच सांधणारे दाबविद्युत स्फटिक ‘सायन्स’ या नियतकालिकात जगापुढे मांडले. टिकाऊपणाच्या प्रश्नाकडे अशा कामातून वाट फुटू शकते. या कामाचे मोल त्यातून किती दिवे लागतील यावर ठरवणे म्हणजे वैद्याची परीक्षा त्याच्या वजनावरून करणे होय.

म्हणून यापुढे अशी बातमी आली की वाचकाने, संपादकाने आणि अनुदान समितीने चार प्रश्न विचारावेत. सरासरी शक्ती किती, आणि ती कोणत्या भारावर मोजली? कंपन प्रत्यक्ष रस्त्याचे होते की प्रयोगशाळेतील हलवणाऱ्या यंत्राचे? किती लाख हेलकाव्यांनंतर ती शक्ती टिकली? आणि तेच काम सौर पॅनेल किंवा साधी बॅटरी अधिक स्वस्तात करते काय? चारांची उत्तरे मिळाली तर बातमी जरूर छापावी, मोठ्या अक्षरांत छापावी. न मिळाली तर माळ विझवून ठेवावी.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात राज्याचे मंत्री, खासदार आणि अधिकारी दिल्लीच्या कामासाठी उतरतात. केंद्राकडे काय मागायचे, याचे पुष्कळसे ठरवणे तेथे होते. त्यांच्यापुढे उद्या कोणी वीज देणाऱ्या पदपथाचा प्रस्ताव ठेवला, तर त्यांनी तो नम्रपणे परत करावा आणि त्याच पैशात राज्यातील शंभर जुन्या पुलांवर स्वतःच्या थरथरीवर जगणारे संवेदक बसवण्याची मागणी करावी. त्यांची बांधणी देशातील प्रयोगशाळांकडे सोपवावी, पाच वर्षांची मुदत द्यावी आणि दर महिन्याची मापे सर्वांना पाहता येतील अशी खुली ठेवावीत. त्यातून एकही दिवा लागणार नाही. मात्र एखाद्या पावसाळी रात्री पुलाच्या अलीकडे एसटी थांबवता येईल.